साधे आणि सोपे : यंत्रभाषा शिकवणाऱ्या साधनांचा इतिहास

स्वित्झर्लंडच्या रेल्वे वाहतुकीच्या नियमांत एक तरतूद आहे. पहिल्यांदा वाचताना ती विनोद वाटावी. गाडीच्या आसांची एकूण संख्या नेमकी २५६ असता कामा नये. २५५ चालतात, २५७ चालतात, २५६ मात्र चालत नाहीत. याचे कारण रुळांलगत बसवलेल्या ॲक्सल काउंटर या उपकरणात आहे. मार्गाच्या एका खंडात किती आस शिरले आणि किती बाहेर पडले, हे ते मोजते. शिल्लक शून्य असेल तर तो खंड मोकळा समजला जातो. परंतु मोजणी आठ बिटांच्या कप्प्यात ठेवली असेल, तर त्यात शून्यापासून २५५ पर्यंतच्याच संख्या मावतात. २५६वा आस मोजला जाताच कप्पा पुन्हा शून्यावर येतो. अख्खी गाडी रुळांवर उभी असते आणि यंत्र मात्र सांगते की येथे काहीच नाही.

यंत्राने येथे कोणतीही अवज्ञा केलेली नसते. आठ बिटांच्या अंकगणितात २५५ अधिक एक म्हणजे शून्यच. चूक होते ती हे अंकगणित विसरणाऱ्या माणसाची. उपकरणांच्या पोटात बसवलेल्या छोट्या प्रोसेसरांना आज्ञा लिहिणाऱ्या माणसाला बिट, बाइट, रजिस्टर आणि मेमरीचे पत्ते यांची जवळून ओळख असावी लागते, ती यासाठी.

भारतात हा विषय निघाला की लखनौचे नाव घ्यावेच लागते. भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटना, म्हणजे आरडीएसओ, १९५७ पासून अस्तित्वात आहे. तिचे मुख्यालय लखनौच्या मानकनगरात आहे. आस मोजणारी उपकरणे, इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग आणि अलीकडची ‘कवच’ यंत्रणा यांची मानके याच संघटनेने घडवली. रुळांत बसवलेल्या आरएफआयडी टॅगांवरून गाडीचे स्थान ओळखायचे, रेडिओवरून सिग्नलची स्थिती जाणून घ्यायची आणि चालकाने ब्रेक लावला नाही तर तो आपोआप लावायचा, हे ‘कवच’चे काम. प्रवासी गाड्यांवर तिच्या चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाल्या. जुलै २०२० मध्ये ती राष्ट्रीय स्वयंचलित गाडी-संरक्षण प्रणाली म्हणून स्वीकारण्यात आली. सुरक्षिततेच्या एसआयएल-४ या सर्वोच्च स्तराची कसोटी तिला लागू आहे.

याच शहरात राज्याच्या तंत्रविद्यापीठाचेही मुख्यालय आहे आणि शेकडो अभियांत्रिकी महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. उद्याच्या अशा यंत्रणांसाठी आज्ञा लिहिणारे हात त्या महाविद्यालयांतून आणि देशभरच्या अशाच संस्थांतून यायचे आहेत. म्हणून प्रश्न शैक्षणिक असला तरी क्षुल्लक नाही. यंत्राच्या अगदी तळाशी काय घडते, हे विद्यार्थ्याला कोणत्या साधनावर पाहायला मिळाले? आणि त्या साधनाने त्याला नेमके काय दाखवले, काय झाकून ठेवले?

या इतिहासाकडे पाहताना मराठीतले दोन शब्द वेगळे ठेवणे उपयोगी पडते : साधे आणि सोपे. ज्याच्या रचनेत फारसे काही नाही आणि म्हणून जे संपूर्ण डोळ्यांसमोर राहते, ते साधे. ज्याने काम लवकर होते, ते सोपे. या दोन गुणांची गल्लत करण्याचा मोह प्रत्येक पिढीला झालेला आहे.

बेरजेचे कोष्टक

भारतात यंत्राला थेट आज्ञा देण्याचे शिक्षण मोठ्या यंत्रांपासून सुरू झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला संगणक १९६० मध्ये कार्यरत झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याच्या मुख्य मेमरीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबाने हे अवघे दहा किलोबाइट होतात.

उत्तरेत हे काम लखनौपासून सुमारे ८० किलोमीटरवरील कानपूरने केले. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या कानपूरच्या आयआयटीत, भारत-अमेरिका सहकार्याच्या कार्यक्रमातून, १९६३ मध्ये आयबीएमचा १६२० हा संगणक आला. त्याची उभारणी करण्यासाठी हॅरी हस्की कानपूरला आले. एनिॲकवर काम केलेले आणि इंग्लंडमध्ये ॲलन ट्युरिंग यांच्या यंत्राच्या प्रकल्पात सहभागी असलेले असे ते अनुभवी गृहस्थ. वैद्येश्वरन राजारामन यांच्यासारख्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांना फोरट्रान भाषा शिकवली. इतर संस्थांतील अध्यापक आणि संशोधक यांच्यासाठीही तेथे अल्पमुदतीचे वर्ग भरू लागले.

शिक्षणाच्या दृष्टीने १६२० हे यंत्र मोठे मजेदार होते. त्याच्या पहिल्या आवृत्तीत बेरीज करणारे पूर्ण सर्किटच नव्हते. बेरजेची आणि गुणाकाराची कोष्टके मेमरीतील ठराविक पत्त्यांवर भरून ठेवावी लागत. दोन अंक मिळवायचे म्हणजे कोष्टकात पाहायचे, शाळेतल्या मुलाने उजळणी पाहावी तसे. ते कोष्टक चुकून पुसले गेले, तर यंत्र बिनदिक्कत चुकीची बेरीज करी. या यंत्राला ‘कॅडेट’ असे थट्टेचे नाव पडले होते. ज्याला बेरीज येत नाही आणि जो प्रयत्नही करत नाही, तो कॅडेट, असा त्याचा उलगडा केला जाई. बेरीज ही यंत्राची उपजत सिद्धी नसून कोणीतरी कोठेतरी मांडून ठेवलेली गोष्ट आहे, हे ते यंत्र उघडपणे दाखवत होते.

मात्र असे यंत्र संस्थेत एकच असे आणि ते पाहण्याची संधी थोड्यांना मिळे. छिद्रित कार्डांचा गठ्ठा यंत्राला द्यायचा आणि छापून आलेले उत्तर घ्यायचे, यात यंत्राच्या अंतरंगाचे दर्शन बहुतेकांना होत नव्हते. त्यासाठी यंत्र लहान व्हावे लागणार होते.

सहा आकडे आणि एक कळफलक

नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. १९७४ मध्ये आठ बिटांचा ८०८० आला. त्याला तीन वेगवेगळ्या व्होल्टेजचा वीजपुरवठा लागे. त्यानंतर १९७६ मध्ये आलेल्या ८०८५ ला पाच व्होल्टचा एकच पुरवठा पुरत असे. ही सुधारणा किरकोळ वाटेल. पण प्रयोगशाळेच्या टेबलावर मांडता येईल असे एकपाटी यंत्र बनवणे तिच्यामुळे सुकर झाले.

अशा यंत्रांचा नमुनाही त्याच सुमारास ठरला. अमेरिकेतील मॉस टेक्नॉलॉजीने १९७६ मध्ये आपल्या ६५०२ प्रोसेसरसाठी ‘किम-१’ हा पाट काढला. इंटेलने ८०८५ साठी ‘एसडीके-८५’ हा संच काढला. दोन्हींत पडदा नव्हता आणि टंकलेखनाचा कळफलकही नव्हता. षोडशमान अंकांच्या काही कळा आणि तांबडे चमकणारे सहा आकडे, एवढाच जामानिमा. एसडीके-८५ मध्ये सहांपैकी चार आकडे मेमरीचा पत्ता दाखवत आणि उरलेले दोन त्या पत्त्यावर काय आहे ते.

भारतीय महाविद्यालयांना पूर्ण संगणक घेणे परवडण्यासारखे नव्हते. असा पाट मात्र देशातच बनू शकत होता. मुंबईच्या डायनालॉगचा ‘मायक्रोफ्रेंड’, दिल्लीच्या विनिटिक्सचे संच, बंगळूरच्या ईएसएचे संच, अशी नावे पुढे अभियांत्रिकीच्या प्रयोगवह्यांत रुळली. विद्यार्थी त्यांना नुसते ‘किट’ म्हणत. लखनौची अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयईटी, १९८४ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी रमेश गावकर यांचे ८०८५ वरचे इंग्रजी पाठ्यपुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. गावकर न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजच्या एका महाविद्यालयात शिकवत. त्यांच्या पुस्तकाची भारतीय आवृत्ती पेनराम या प्रकाशनाने काढली आणि ती देशभर क्रमिक पुस्तकासारखी वापरली गेली. प्रोसेसरची रचना, आज्ञा आणि जोडणी हे तिन्ही विषय एकाच यंत्राच्या आधाराने क्रमाक्रमाने उलगडत नेण्याची त्या पुस्तकाची पद्धत किटच्या स्वभावाशी जुळणारी होती.

किटवर काम कसे चाले, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पाच आणि तीन यांची बेरीज करून उत्तर २०५० या पत्त्यावर ठेवायचे आहे. विद्यार्थी प्रथम कागदावर आज्ञा लिहितो : ‘ए’ रजिस्टरमध्ये पाच भर, ‘बी’मध्ये तीन भर, दोन्ही मिळव, उत्तर २०५० वर ठेव, थांब. मग तक्त्यात पाहून प्रत्येक आज्ञेचे षोडशमान अंक काढतो. ते असे होतात : ३ई ०५, ०६ ०३, ८०, ३२ ५० २०, ७६. एकूण नऊ बाइट. २००० या पत्त्यापासून तो ते एकेक करून भरतो, यंत्र चालवतो, आणि नंतर २०५० हा पत्ता उघडून पाहतो. तेथे ०८ दिसते.

या नऊ बाइटांत बरेच काही सामावलेले आहे. २०५० हा पत्ता मेमरीत ५० २० असा उलटा का बसतो, हा प्रश्न येथेच पडतो आणि बाइटांच्या क्रमाचा धडा येथेच मिळतो. आज्ञा आणि माहिती या दोन्ही एकाच मेमरीत, एकाच प्रकारच्या अंकांच्या रूपाने राहतात, हे कळते. प्रत्येक आज्ञेला लागणारी घड्याळाची चक्रे मोजली, तर त्यांची बेरीज ३६ भरते. ६.१४४ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर चालणाऱ्या किटमध्ये ही वारंवारता आतून निम्मी होते. म्हणजे हा सारा खटाटोप सुमारे १२ मायक्रोसेकंदांत आटोपतो. यंत्राला लागणारा वेळ विद्यार्थी कागदावर स्वतः काढू शकतो, ही किटची फार मोठी देणगी होती.

आता आठ बिटांच्या त्या कप्प्याचा प्रयोग करून पाहावा. ‘ए’मध्ये एफएफ, म्हणजे २५५, भरायचे आणि त्यात एक मिळवायचा. ८०८५ मध्ये हे दोन प्रकारे करता येते. ‘एकाने वाढव’ अशी एक आज्ञा आहे, आणि ‘पुढील संख्या मिळव’ अशी दुसरी. दोन्हींनी ‘ए’मध्ये ०० येते. पण दुसऱ्या आज्ञेने हातचा दाखवणारा कॅरी ध्वज उभा राहतो. पहिलीने तो हलतसुद्धा नाही. जो फक्त पहिली आज्ञा वापरतो आणि कॅरीकडे पाहतो, त्याला काही घडल्याचे कळतच नाही.

हा बारकावा केवळ परीक्षेपुरता नाही. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात कॅनडा आणि अमेरिकेत किमान सहा रुग्णांना भयंकर जादा मात्रा मिळाली आणि त्यांतल्या काहींचे प्राण गेले. पुढे त्याच्या प्रोग्रामची छाननी झाली तेव्हा आढळलेल्या दोषांपैकी एक असा होता : तपासणी करायची आहे हे सांगणाऱ्या एका बाइटमध्ये दर फेरीला एक मिळवला जाई. दर २५६व्या फेरीला तो बाइट शून्य होई आणि यंत्र ती तपासणी गाळून पुढे जाई. नेमक्या त्याच क्षणी कळ दाबली गेली, तर अनर्थ ओढवे. किटवर दोन मिनिटांत करून पाहता येणारा प्रयोग एका रुग्णालयात जीवावर बेतला होता.

किटची मर्यादा

किटचे गुणगान करताना त्याचे दोष झाकणे अन्यायाचे ठरेल. वीज गेली की भरलेले सारे बाइट नाहीसे होत. उत्तर भारतातल्या उन्हाळ्यात हा अनुभव दुर्मीळ नव्हता. एक बाइट चुकला तर तो शोधण्यासाठी सगळे पत्ते पुन्हा चाळावे लागत. किट थोडी आणि विद्यार्थी फार, त्यामुळे एकाने कळा दाबायच्या आणि बाकीच्यांनी वहीत उतरवून घ्यायचे, अशी वाटणी होई. २००० मध्ये लखनौला तंत्रविद्यापीठ स्थापन झाले, संलग्न महाविद्यालयांची संख्या वाढत गेली, आणि ही अडचण अधिकच जाणवू लागली.

याहून मोठा धोका कर्मकांडाचा होता. वर्षानुवर्षे तेच प्रयोग, तेच अंक, तीच उत्तरे. ३ई म्हणजे काय हे न समजता ३ई दाबणे सहज शक्य होते. साधे साधनसुद्धा प्रश्न न विचारता वापरले, तर ते मुके राहते. ८०८५ हा जुनाट विषय आहे, उद्योगात त्याला कोणी विचारत नाही, ही तक्रार याच काळात वाढली. ती खरी होती, पण अपुरी होती. ८०८५ शिकवण्यामागे ८०८५ ची नोकरी मिळावी हा हेतू नव्हताच. एक संपूर्ण यंत्र डोक्यात मावू शकते, हा अनुभव देणे हा हेतू होता.

पडद्यावरचे यंत्र

किटच्या टंचाईवर एक उत्तर वैयक्तिक संगणकाने दिले. २००३ मध्ये श्रीधर रत्नकुमार यांच्या लक्षात आले, की लिनक्सवर चालणारा ८०८५ चा नीटसा सिम्युलेटर उपलब्ध नाही. त्यांनी तो स्वतः लिहायला घेतला आणि ‘जीएनयूसिम ८०८५’ या नावाने मुक्त परवान्याखाली खुला केला. पडद्याच्या एका बाजूला असेंब्ली भाषेतल्या आज्ञा, दुसऱ्या बाजूला रजिस्टर, ध्वज आणि मेमरी. एकेक आज्ञा चालवायची आणि कोणता अंक बदलला ते पाहायचे. संगणक असलेल्या कोणत्याही प्रयोगशाळेला, मग ती लखनौतील असो की लातूरमधील, आता विद्यार्थ्यामागे एक किट मिळाल्यासारखे झाले, तेही विनामूल्य.

सिम्युलेटर किटपेक्षा सोपा होता आणि बऱ्याच बाबतींत साधाही राहिला, कारण त्याने यंत्र झाकले नाही. उलट किटवर दोन आकड्यांतून डोकावून पाहावे लागे ते त्याने एकाच पडद्यावर मांडले. त्याने गमावले ते वेगळेच. खरी कळ दाबली की तिचा संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो आणि यंत्राला एकाच दाबाचे अनेक दाब दिसतात. खरी तार सैल होते. खऱ्या जगात वेळ कोणासाठी थांबत नाही. उपकरणात बसवलेल्या प्रोसेसरचे अर्धे आयुष्य या गोष्टी हाताळण्यात जाते, आणि पडद्यावरच्या यंत्राला त्या भेटत नाहीत.

सोप्याचा विजय

२००५ मध्ये इटलीतील इव्रेया येथे आर्डुइनोचा जन्म झाला. कलावंत आणि रचनाकार यांनाही प्रोसेसर वापरता यावा, हा त्यामागचा हेतू. यूएसबीची तार जोडावी, चार ओळी लिहाव्यात, आणि दिवा लुकलुकू लागावा. किटवर कित्येक आठवडे घेणारी गोष्ट पहिल्याच दुपारी साधू लागली. त्याच सुमारास भारतातही अशा साधनांना संस्थात्मक आधार मिळत गेला. मुंबईच्या आयआयटीत ‘ई-यंत्र’ हा उपक्रम उभा राहिला. ‘फायरबर्ड-५’ नावाच्या यंत्रमानवावर काम करत देशभरातल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी २०१२ पासून त्याच्या स्पर्धेत उतरू लागले. शिकण्यातला आनंद परत आला, हे निःसंशय.

पण सोपेपणाची किंमत असते आणि ती तळाशी गेल्याशिवाय दिसत नाही. आर्डुइनोत १३ क्रमांकाचा दिवा लावण्यासाठी एक सुटसुटीत आज्ञा आहे. तिच्या पोटात अनेक कामे चालतात : क्रमांकावरून पोर्ट शोधणे, बिट शोधणे, काही तपासण्या करणे. प्रोसेसरची डझनावारी चक्रे त्यात जातात. तोच दिवा ‘बी’ पोर्टच्या पाचव्या बिटावर जोडलेला आहे हे माहीत असेल, तर एटीमेगा ३२८ ची एकच यंत्राज्ञा तो दोन चक्रांत लावते. दिवा दोन्ही वेळा लागतोच, म्हणून बहुतेकांना हा फरक कधी भेटत नाही.

मोजणीचेही तसेच. आर्डुइनोमध्ये संख्या ‘बाइट’ प्रकारची असेल तर २५५ नंतर शून्य येते. ‘इंट’ प्रकारची असेल तर २५६ येते. मिलिसेकंद मोजणारा त्याचा अंतर्गत काउंटर ३२ बिटांचा असतो; तो सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर परततो. टेबलावरचा प्रयोग इतके दिवस चालत नाही, शेतातला पंप मात्र चालतो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांबाबत आदेश काढला. जनित्रांचे नियंत्रण करणारी उपकरणे सलग २४८ दिवस चालू राहिली, तर त्यांचा आतला काउंटर भरून वाहील आणि विमानातील वीजपुरवठा बंद पडू शकेल, असे त्यात म्हटले होते. दोष तोच, कप्पा तेवढा मोठा.

आर्डुइनोवर याचा दोष ठेवणे चुकीचे होईल. ज्यासाठी ते घडवले गेले, ते काम त्याने उत्तम केले. चूक झाली ती अभ्यासक्रमात, जेथे किट बाजूला सारून त्याच्या जागी सोपे साधन ठेवले गेले आणि त्याच्या झाकणाखाली पाहण्याचा तास मात्र ठेवला गेला नाही.

चाळीस आज्ञांचे यंत्र

गेल्या दशकात हा इतिहास एका नव्या वळणावर आला. प्रोसेसर देशातच रचण्याचे प्रयत्न फळू लागले. मद्रासच्या आयआयटीचा ‘शक्ती’ प्रकल्प, तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकचे ‘वेगा’ प्रोसेसर, आणि मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक माधव देसाई यांच्या गटाने घडवलेला, २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘अजित’. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारने स्वदेशी मायक्रोप्रोसेसर स्पर्धा जाहीर केली. तिच्यात ‘शक्ती’ आणि ‘वेगा’ विद्यार्थ्यांच्या आणि नवउद्योगांच्या हाती देण्यात आले.

‘शक्ती’ आणि ‘वेगा’ ज्या आज्ञासंचावर उभे आहेत त्याचे नाव रिस्क-फाइव्ह. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे २०१० मध्ये त्याचे काम सुरू झाले. तो कोणीही परवाना शुल्काशिवाय वापरू शकतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे, की त्याच्या ३२ बिटांच्या पायाभूत संचात केवळ ४० आज्ञा आहेत. ८०८५ मध्ये एक बाइटच्या २५६ शक्य अंकांपैकी २४६ अंकांना अधिकृत अर्थ दिलेला होता. नवे यंत्र अनेक पटींनी समर्थ, आणि तरीही आज्ञांचा तक्ता कागदाच्या एका बाजूवर मावेल इतका छोटा. साधेपणा म्हणजे जुनेपणा नव्हे, याचा हा सज्जड पुरावा.

येथेही मोजणीचा धडा नव्या रूपात समोर येतो. रिस्क-फाइव्हमध्ये कॅरी ध्वज ठेवलेलाच नाही. दोन धन संख्या मिळवल्यावर उत्तर मूळ संख्येपेक्षा लहान आले का, हे स्वतः तपासावे लागते. लहान आले, तर कप्पा भरून वाहिला. १६२० मध्ये बेरीज कोष्टकात होती, ८०८५ मध्ये तिचा हातचा ध्वजात होता, आर्डुइनोत तो भाषेच्या आवरणाखाली गेला, आणि रिस्क-फाइव्हने त्याची जबाबदारी उघडपणे प्रोग्राम लिहिणाऱ्यावर टाकली.

सी-डॅकच्या ‘एरीज’ पाटांवर ‘तेजस ३२’ ही चिप असते. १०० मेगाहर्ट्झवर चालणारा ‘वेगा’ प्रोसेसर आणि २५६ किलोबाइट मेमरी तिच्यात आहे. हे पाट आर्डुइनोच्या परिचित वातावरणातून चालवता येतात. हवे असल्यास त्या वातावरणाला वळसा घालून थेट असेंब्लीतूनही. म्हणजे एकाच पाटाला दोन दारे : एक सोपे, दुसरे साधे. विद्यार्थ्याने पहिल्या दाराने आत यावे यात काही गैर नाही. दुसरे दार त्याला कोणी दाखवते का, हा खरा प्रश्न आहे.

साधनाची पारख

सहा दशकांच्या या प्रवासातून साधन निवडण्याची काही परिमाणे हाती लागतात. जे साधन चालू असताना रजिस्टर आणि मेमरी यांत काय बदलले ते दाखवते, ते शिकण्यासाठी चांगले. ज्याच्या आज्ञांचा संपूर्ण तक्ता आठवड्याभरात वाचून होतो, ते चांगले. ज्यावर एका आज्ञेला किती वेळ लागतो हे आधी कागदावर काढून मग मोजून पडताळता येते, ते चांगले. त्याची किंमत, वेग आणि चालू काळातील मागणी हे मुद्दे त्यानंतरचे.

या परिमाणांनी पाहिले, तर कोणतेही एक साधन पुरेसे ठरत नाही. पण त्यांचा क्रम लावता येतो. आधी सिम्युलेटरवर नऊ बाइटांचा प्रोग्राम एकेक आज्ञेने चालवून पाहावा. मग तोच कोणत्याही खऱ्या पाटावर, खऱ्या कळेसह आणि खऱ्या दिव्यासह करावा. मग त्याच पाटावर तयार आज्ञा वापरून तेच काम करावे आणि कंपायलरने घडवलेली यंत्राज्ञांची यादी उघडून वाचावी. ही यादी काढण्याची मुक्त साधने आज कोणत्याही संगणकावर मिळतात. तिसऱ्या पायरीवर पोहोचलेल्या विद्यार्थ्याला आर्डुइनो सोपे का आहे हे कळलेले असते. त्यामुळे ते कोठे दगा देईल, याचाही अंदाज त्याला येतो.

यासाठी नवा निधी लागत नाही. अनेक महाविद्यालयांच्या कपाटांत ८०८५ ची किट अजून पडून आहेत. सिम्युलेटर विनामूल्य आहेत. छोटे पाट पाठ्यपुस्तकांच्या किमतीत येतात. लागतो तो वेळापत्रकातला एक तास आणि ‘हे आत नेमके कसे घडले?’ असे विचारणारा शिक्षक. मानकनगरात लिहिल्या जाणाऱ्या मानकांना उद्या असे अभियंते हवे आहेत, ज्यांना कप्प्याची मर्यादा नियमपुस्तकातून कळावी लागणार नाही. आणि ज्यांच्या यंत्रणेसाठी २५६ आसांची गाडी टाळा असे कलमही कोणाला लिहावे लागणार नाही.